तपासणी कामगाराची, कागद कोणाचा?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता एकाच दिवशी अमलात आणल्या. त्यांवर जी चर्चा झाली ती प्रामुख्याने कामगारकपातीची मर्यादा, संपाची पूर्वसूचना, ग्रॅच्युइटी आणि कामाचे तास यांच्याभोवती फिरत राहिली. ते स्वाभाविकही होते. या मुद्द्यांवर कामगार संघटना आणि मालक संघटना आमनेसामने उभ्या राहतात, आणि जिथे संघर्ष तिथेच वार्ताहर पोहोचतात. परंतु व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत एक तरतूद अशी आहे की तिला कोणाचाच विरोध नाही, आणि बहुधा त्यामुळेच तिच्याकडे कोणाचे लक्षही नाही. मालकाने आपल्या कामगाराची वर्षातून एकदा विनामूल्य वैद्यकीय तपासणी करून घ्यावयाची आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक कामगाराला हा लाभ मिळेल, असे सरकारने संहिता लागू करताना जाहीर केले.

या तरतुदीचे आम्ही स्वागत करतो. आपल्याला रक्तदाब आहे हे कष्टकरी माणसाला पक्षाघाताच्या झटक्यानंतरच कळावे, मधुमेह आहे हे पायाची जखम चिघळल्यावरच उमगावे, हे आपल्या समाजाच्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही खटकण्याजोगे आहे असेही कोणास वाटत नाही. वर्षाकाठी एक तपासणी झाली तर यातील पुष्कळ अनर्थ टळेल. मात्र ‘तपासणी’ या एका शब्दाखाली दोन सर्वस्वी निराळ्या गोष्टी येतात, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. एक तपासणी माणसाच्या प्रकृतीची असते. दुसरी, त्याच्या कामाने त्याच्या शरीरावर काय परिणाम केला याची असते. पहिली करून दुसरी केल्याचे समाधान मानले, तर या तरतुदीने कामगाराचे हित होण्याऐवजी त्याची फसवणूकच होईल.

काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतील अशा शिबिराला उपस्थित राहण्याचा योग आम्हास आला होता. ओतकामाचा कारखाना होता. उपाहारगृहात दोन टेबले मांडलेली, एक डॉक्टर, एक परिचारिका, एक लिपिक. वजन, उंची, रक्तदाब, बोटाच्या टोकाचा रक्ताचा थेंब. ‘‘काही त्रास?’’ ‘‘नाही साहेब.’’ पुढचा. दुपारच्या जेवणापूर्वी सगळा कारखाना तपासून झाला आणि प्रत्येक नावापुढे ‘फिट’ असा शिक्का उमटला. ज्या शेडमध्ये ओतीव भागांना चिकटलेली वाळू घासून काढतात, त्या शेडपर्यंत डॉक्टर गेलेच नाहीत. तशी त्यांच्याकडून अपेक्षाही नव्हती. रांगेतल्या एका मध्यमवयीन कामगाराने जाता जाता विचारले, ‘‘आमचा कागद?’’ लिपिकाने सरळपणे सांगितले, ‘‘तो ऑफिसात राहतो.’’ कोणी काही लपवीत होते असे नव्हे. सर्वांनाच मनापासून वाटत होते की तपासणी झाली.

इ. स. १७०० मध्ये बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. आजच्या व्यावसायिक आरोग्यशास्त्राचा आरंभ त्याच्यापासून मानला जातो. रुग्णाला विचारावयाच्या पारंपरिक प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तू काम कोणते करतोस? सव्वातीनशे वर्षे उलटली. आपल्याकडील रुग्णालयांच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा रकाना असतोही. पण त्यात बहुधा ‘नोकरी’ किंवा ‘मजुरी’ एवढेच लिहिलेले आढळते. त्या शब्दांतून डॉक्टरला काय बोध व्हावा? मजुरी शेतातली की दगडखाणीतली, नोकरी बँकेतली की बॅटऱ्या फोडण्याच्या कारखान्यातली, यावर निदान अवलंबून असते.

हे काम दुर्घट नाही, हे सांगण्यासाठी दोन साधी उदाहरणे पुरेत. क्रोमियमचा मुलामा देण्याच्या कारखान्यात टाकीवर काम करणाऱ्याच्या नाकातील पडद्याला व्रण होतात आणि पुढे त्याला छिद्र पडते. पुष्कळदा दुखत नसल्याने त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. ते पाहण्यासाठी डॉक्टरला लहानसा दिवा आणि नाकात डोकावण्याची इच्छा एवढेच लागते. यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या विणकराच्या बाबतीत बहिरेपण हळूहळू, उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होते. बोलणे ऐकू येत राहते म्हणून त्याला काही जाणवत नाही. घरात दूरदर्शन संचाचा आवाज वाढू लागला की आधी बायको कुरकुर करते. श्रवणचाचणीच्या आलेखावर चार हजार हर्ट्झपाशी पडलेला खळगा मात्र पुष्कळ आधी दिसतो. तो दिसला आणि कानांना संरक्षण मिळाले, कामाची जागा बदलली, तर उरलेली श्रवणशक्ती वाचते. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील किती विणकरांच्या कानांची अशी चाचणी होत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

मुंबईच्या गिरणगावाने या विषयातला एक मोठा धडा दिला होता. सूतगिरणीच्या पिंजण आणि धुनाई विभागांत कापसाची बारीक धूळ उडते. तिथे काम करणाऱ्याला काही वर्षांनी छाती आवळल्यासारखी वाटू लागते, आणि आरंभी हा त्रास होतो तो सोमवारी. रविवारची सुट्टी घेऊन माणूस परत धुळीत गेला की दम लागतो. मंगळवारी, बुधवारी तो ओसरतो. पुढे तो आठवडाभर राहू लागतो आणि अखेर कायमचा होतो. बिसिनोसिस हे त्याचे शास्त्रीय नाव. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. त्याच सुट्टीनंतरच्या सोमवारी गिरणी कामगाराची छाती जे सांगत होती, ते ऐकण्याची व्यवस्था मात्र नंतरच्या काळातही पुरेशी उभी राहिली नाही. विडीमुळे, दम्यामुळे, हवामानामुळे अशी कारणे शोधली जात. कामावर जाण्यापूर्वी आणि पाळी संपल्यावर असे एकाच सोमवारी दोनदा फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजली असती, तर दोन आकड्यांतील तफावतीने सगळे उघड केले असते. आज त्या गिरण्यांच्या जागी टोलेजंग मनोरे उभे आहेत.

सिलिकोसिसची कथा याहून करुण आहे. दगड फोडणे, क्वार्ट्झ दळणे, वाळूच्या झोताने लोखंड साफ करणे, ओतीव भाग घासणे, पाटीवरच्या पेन्सिली कापणे अशा कामांत सिलिकेचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात शिरतात आणि तिथे व्रणांच्या गाठी तयार करतात. या रोगावर औषध नाही. धूळ सोडल्यानंतरही तो पुढे सरकत राहू शकतो. क्ष-किरण चित्र पाहून अनेकदा क्षयाचे निदान होते. शिवाय सिलिकेने जर्जर झालेल्या फुप्फुसाला क्षय खरोखरच लवकर गाठतो, त्यामुळे घोटाळा वाढतो. रुग्ण क्षयाचा औषधक्रम पूर्ण करतो, थोडा सावरतो आणि पुन्हा त्याच धुळीत कामाला जातो. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटी-पेन्सिलीच्या कारखान्यांतील कामगारांची पाहणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केली, तेव्हा तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कामगारांत हा रोग आढळला होता. एका पिढीने ज्या पेन्सिलींनी मुळाक्षरे गिरवली, त्या कुठून येतात याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला होता?

आता चाळीस वर्षांच्या अटीकडे वळू. अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण ओतशाळेत किंवा क्वार्ट्झच्या चक्कीवर लागतो. धूळ दाट असेल तर पाच-दहा वर्षांत, फारच दाट असेल तर त्याहूनही आधी फुप्फुसे निकामी होऊ लागतात. चाळिशीपर्यंत त्याची वाट पाहणे म्हणजे रोग पूर्ण होण्याची वाट पाहणे होय. कायद्याने या धोक्याकडे पूर्ण दुर्लक्ष केले आहे, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. कामगाराला अशा कामावर नेमण्यापूर्वी, काम चालू असताना, आणि ते काम सोडल्यानंतरही, बारा महिन्यांहून अधिक अंतर पडू न देता त्याची तपासणी झाली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. तिथे वयाची अट नव्हती. धोकादायक प्रक्रियांसंबंधीच्या या जबाबदाऱ्या नव्या संहितेनेही मालकावर ठेवल्या आहेत, आणि ज्यांची सूचना सरकारला देणे बंधनकारक आहे अशा २९ व्यावसायिक रोगांची यादीही कायम आहे. भीती आहे ती दोन कर्तव्यांची सरमिसळ होण्याची. चाळिशीवरच्यांचा रक्तदाब मोजल्याची नोंदवही दाखवून धूळ, आवाज आणि विषारी धातूंची तपासणी झाल्याचे भासवले जाईल, आणि वरवर पाहणाऱ्या निरीक्षकाला त्यात काही वावगे दिसणार नाही. त्यातच कारखान्याची व्याख्या, वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांवरून वीसवर आणि विनावीज ठिकाणी वीसवरून चाळीसवर नेण्यात आली आहे. सर्वाधिक धूळ कुठे उडते? आमच्या अनुभवाप्रमाणे पत्र्याच्या शेडमधल्या बारा-पंधरा माणसांच्या कारखान्यात.

कारखानदारांपैकी अनेक जण प्रामाणिकपणे सांगतात की आमच्याकडे असा एकही रोगी नाही. त्यांच्या नोंदी खोट्या असतीलच असे नाही. ज्याला दम लागू लागतो तो आधी पाळी चुकवतो, मग काम सोडतो आणि गावी जातो. तपासणीच्या दिवशी रांगेत उभे असतात ते अजून तग धरून असलेले. उरलेल्यांना मोजून कारखाना निरोगी ठरवणे म्हणजे तीरावर पोहोचलेल्यांना मोजून नदी निर्धोक ठरवण्यासारखे आहे. म्हणून काम सोडून गेलेल्यांची तपासणी ही या विषयातली खरी कसोटी आहे आणि नेमकी तीच कुठे होताना दिसत नाही.

झाबुआ आणि अलीराजपूर येथील वनवासी बांधवांच्या बाबतीत हेच घडले. घरच्या शेतीवर भागत नाही म्हणून ते गुजरातमधील गोध्रा परिसरातल्या क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत जात, काही महिने काम करीत आणि परत येत. हजेरीपटावर नाव नाही, ओळखपत्र नाही, तपासणी तर नाहीच. ते मेले आपापल्या पाड्यांवर, दुसऱ्या राज्यात. कारखान्याच्या दप्तरात त्यांचे जगणे नव्हते, मग मरणाची नोंद कुठून असणार? राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने हा विषय लावून धरला आणि अखेर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा २३८ मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. आमचा राष्ट्रविचार शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतो असे आपण म्हणतो. हे २३८ जण त्याच शेवटच्या ओळीत उभे होते, आणि ते कोणत्या राज्यात, कोणत्या पक्षाच्या राजवटीत मेले हा प्रश्न येथे गैरलागू आहे. राजस्थानने २०१९ मध्ये या रोगासाठी स्वतंत्र धोरण आखले. निदान प्रमाणित झाल्यावर तीन लाख आणि मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये अशी सोय केली. ते निश्चितच प्रशंसनीय आहे, परंतु तो भरपाईचा मार्ग आहे. तपासणीचे प्रयोजन त्याच्या फार अलीकडे असते.

येथे एका अवघड गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. तपासणी टाळण्यात मालकाइतकाच कामगारही पुढे असतो. ‘‘काही त्रास?’’ या प्रश्नाला ‘‘नाही साहेब’’ हे उत्तर भीतीपोटी येते. दोष निघाला तर काम जाईल, हे त्याला ठाऊक असते. ही भीती निराधार म्हणता येत नाही. नोकरीपूर्व तपासणीचा उपयोग चाळणीसारखा कसा होतो याची उदाहरणे न्यायालयांच्या निकालांत आहेत. आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीअर्जात महिला उमेदवारांना मासिक पाळी आणि गर्भारपण यांविषयी तपशील विचारले जात. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रकाने काढून टाकण्यास सांगितले. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका रोजंदारी कामगाराच्या प्रकरणात असा निर्णय दिला की एचआयव्हीची लागण आहे एवढ्याच कारणावरून, काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला नोकरी नाकारता येणार नाही. २०१७ च्या कायद्याने तर नोकरीसाठी ही चाचणी सक्तीची करण्यासच मनाई केली.

या भीतीवर उपाय काय, हे भारतीय रेल्वेकडे पाहिले म्हणजे कळते. रेल्वेत कामाच्या स्वरूपानुसार वैद्यकीय श्रेणी ठरलेल्या आहेत. इंजिन चालवणाऱ्याची श्रेणी सर्वांत कडक. त्याची नियतकालिक तपासणी वयाच्या ४५ वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, पुढे ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. डोळे अधू झाले, रंग ओळखता येईनासे झाले तर त्याला इंजिनावरून उतरवतात. पण घरी बसवत नाहीत. जमेल असे दुसरे काम देतात आणि वेतनाला संरक्षण असते. हा केवळ रेल्वेचा चांगुलपणा नव्हे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही अथवा खालच्या पदावर टाकता येणार नाही, ही तरतूद १९९५ च्या कायद्यात होती, २०१६ च्या कायद्यात शासकीय आस्थापनांसाठी ती आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणच्या राज्य परिवहन महामंडळातील रंगांधत्व आढळलेल्या एका चालकाच्या बाबतीत पर्यायी काम देण्याचे कर्तव्य पुन्हा अधोरेखित केले. खासगी मालवाहू ट्रकच्या चालकाला असे कोणतेही आश्वासन नाही. म्हणून तो आपला मोतीबिंदू लपवतो आणि रात्री महामार्गावर आपल्या सर्वांच्या समोरून येतो.

तेव्हा तपासणीत दोष निघाला तर कामगाराला दुसरे काम मिळेल आणि मजुरी बुडणार नाही, ही हमी खासगी क्षेत्रातही आधी द्यावी लागेल. लहान कारखानदाराला हे परवडणार नाही असा आक्षेप येईल, आणि तो आम्ही गांभीर्याने घेतो. आमच्या वाचकांत असे कारखानदार पुष्कळ आहेत. पंधरा माणसांच्या कारखान्याने स्वतंत्र डॉक्टर नेमावा असे कोणी म्हणत नाही. परंतु औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांनी मिळून एक आरोग्य केंद्र चालवावे, तिथे श्रवणचाचणीची ध्वनिरोधक खोली, फुप्फुसाची क्षमता मोजण्याचे यंत्र आणि छातीचे क्ष-किरण चित्र नीट वाचता येणारा डॉक्टर असावा, हे अशक्य कोटीतले नाही. औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा प्रशिक्षणक्रम मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत चालत आला आहे. डॉक्टरचे मानधन एका मालकाच्या खिशातून न येता सामायिक निधीतून आले, तर त्याच्या लेखणीवरचा दबावही कमी होईल. आणि त्या डॉक्टरने महिन्यातून एक दिवस टेबल सोडून शेडमध्ये फिरावे. दगडावर पाणी मारून धूळ बसवता येते का, धूळ ओढून घेणारा पंखा बंद का पडला आहे, हे त्याच्या नजरेस आले, तर पुढच्या दहा वर्षांची क्ष-किरण चित्रे बदलतील.

शेवटी प्रश्न उरतो तो त्या कामगाराने विचारलेल्या कागदाचा. अॅस्बेस्टॉसच्या कामगारांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भाग ठरवला. त्याच निकालात न्यायालयाने सांगितले की त्याच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून चाळीस वर्षे, किंवा निवृत्तीनंतर अथवा काम सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवल्या पाहिजेत. न्यायालयाने एवढा दीर्घ काळ का सांगितला? कारण हे रोग वीस-तीस वर्षांनी बाहेर पडतात. पण आज कंत्राटी कामगाराचा मालक अकरा महिन्यांनी बदलतो. पाचव्या ठेकेदाराकडे असताना रोग निघाला तर पहिल्या चौघांकडची नोंद कोण शोधणार? २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली आणि त्याच वर्षी देशव्यापी आयुष्मान भारत डिजिटल अभियानही सुरू झाले, ज्यात नागरिकाला त्याचा स्वतःचा आरोग्य क्रमांक मिळतो. तपासणीची प्रत्येक नोंद कामगाराच्या संमतीने त्याच्या क्रमांकावर चढावी आणि एक छापील प्रत मराठीत त्याच्या हाती पडावी. मालकाला कळावे ते एवढेच की हा माणूस या कामाला योग्य आहे, अयोग्य आहे, की काही बंधनांसह योग्य आहे. त्याला कोणता आजार आहे, हे कार्यालयातील लिपिकाला कळण्याचे कारण नाही. वातानुकूलित कार्यालयांतून वार्षिक तपासणीला पाठवल्या जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही हा नियम तितकाच लागू आहे. त्यांचेही अहवाल थेट व्यवस्थापनाच्या हाती जात असतील, तर त्यांनी तो प्रश्न विचारला पाहिजे.

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. कारखान्यांत फलक लागतात, प्रतिज्ञा होतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी त्या दिवशी आपल्या परिचयाच्या दहा कामगारांना भेटून एवढेच विचारावे: शेवटची तपासणी कधी झाली, छातीत किंवा कानात कोणी यंत्राने काही मोजले का, आणि त्याचा कागद घरी आहे का. आलेली उत्तरे लिहून काढून त्यांची एक प्रत कारखानदारांच्या संघटनेकडे आणि दुसरी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या स्थानिक कार्यालयात नेऊन द्यावी.